डोळ्याखालचा भोवरा

आधी मला हे सांगा ताई, तुम्ही हे लिहून राहिल्यात ते कुणाला दाखवणार, आन त्यातून माझ्या घोड्यांचं काही वाकडं तर व्हनार न्हाई ना? रागवू नका, माझा सोभावच तसला हाय. आमचे मालक म्हणत्यात, गिरजा देवळात गेली तर देव जाग्यावर हाय का न्हाई ते गाभाऱ्यात वाकून बघती आन मंगच हात जोडती. म्हणू द्या. पण मी तुम्हाला सांगते, रेसमधून निघालेल्या घोड्याला घर शोधायचं म्हणजे लेकीची सोयरीक जमवण्यापरीस अवघड काम हाय. लेक निदान फोन तरी करती, माय मला न्यायला ये म्हणून, घोडं काय करंल? म्हणून म्या कुणावर इश्वास टाकत न्हाई. तुमच्यावर बी न्हाई. चहा घ्या.

माझा जन्म जळकोटच्या अंगाचा. आम्ही धनगर. आता समद्यांची घरं झाली, पोरं नोकरीला लागली, पण तवा माझा बाप मेंढरं घेऊन आठ-आठ महिने फिरायचा, कधी किनवटच्या रानात, कधी पार इस्लापूरच्या खाली, आन आमचं समदं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर, म्हणजे घोडं तरी कसलं, तट्टूच ते, पण त्याच्यावर भांडी, वाकळा, कोंबड्या, नवी जन्मलेली कोकरं, आन त्याच्यावर मी. आमच्यात मेंढरं बाप्यांची आन घोडं बायांचं, अशी वाटणीच असती. लादायचं बायांनी, सोडायचं बायांनी, पाणी दाखवायचं, पाठ सोलली का बघायचं, समदं बायांनी. तवा मला घोडं कुणी शिकवलं म्हणाल तर मायनं शिकवलं.

मायनं आणिक एक शिकवलं, भोवरे. घोड्याच्या अंगावर केस जिथं गोल फिरत्यात त्याला भोवरा म्हणत्यात, आन कुठला भोवरा कुठं हाय त्याच्यावर आमच्याकडं घोडं घरात घ्यायचं का न्हाई ते ठरतंय. छातीवर देवमण असला तर लई चांगलं. पुढच्या पायाला खाली वळलेला असला तर खुंटेगाड, म्हणजे खुंटा रोवणारं, घर उभं करणारं घोडं. तोच वर वळलेला असला तर खुंटेउपाड. आन डोळ्याखाली, जिथून आसू व्हातंय बघा, तिथं असला तर त्याला म्हणायचं आसूढाळ, म्हणजे त्या घरात रडं येणार. खरं का खोटं मला इचारू नका. पण माय म्हणायची, गिरजे, जो भोवरा बघत न्हाई त्यो घोडं दाराशी बांधत न्हाई. म्हणजे ज्याला पुढं इकून टाकायचंय त्याला काय करायचाय भोवरा? ज्याला आपल्या लेकराबाळांच्या दारात उभं करायचंय त्योच फिरवून फिरवून बघतो. हे मी आयुष्यभर डोक्यात धरलं. त्याच्यानंच माझा घात केला, ते सांगते.

लगीन झालं तर आमचे मालक पुण्याला रेसच्या तबेल्यात. त्यांचा मामा तिथं व्हता, त्यानं नेलं. मी बी गेले. आता मला वाटलं व्हतं घोडं म्हणजे घोडंच, पण ते कसलं घोडं ताई, आमच्या तट्टूचं अन् त्याचं काही नातंच न्हाई. पाय बघावं तर हरणावानी, पायात लोखंडाची नाल बी न्हाई, हलक्या पत्र्याची, दर दोन-तीन हप्त्याला बदलायची. ओट खाणार, बाहेरून आलेलं गवत खाणार, अंगावर झूल, पायाला पट्ट्या. आन इतकं असून एक म्हैस बघितली का दोन पायावर उभं! बकरी बघितली तरी घाम. त्याला जगच ठाव न्हाई. खोली ठाव, ट्रॅक ठाव, आन एकाच अंगाला पळायचं ठाव. मालक एका घोड्याचं बघायचे, मी झाडलोट, गवत, लीद भरायची. लई वर्षं काढली आम्ही तिथं.

आन तिथंच मी अशी संशयी झाले. सांगते कशी. घोडं पाच-सहा वर्साचं झालं, पायाची नस सुजली का झालं त्याचं. एक दिवस सकाळी बघावं तर खोली मोकळी. इचारलं घोडं कुठं गेलं, तर म्हणायचे चांगल्या घरी गेलं. कोणत्या घरी? गावाचं नाव सांगा. तर कुणी सांगत न्हाई. एक टेम्पोवाला यायचा, सारखं हसायचा, त्यो न्यायचा. मालक बिचारे म्हणायचे असंल गं चांगलं घर. मंग एकदा मालक सोलापूरच्या रस्त्याला वीटभट्टीवर त्यांनीच चार वर्सं सांभाळलेलं घोडं बघून आले, गाडीला जुंपलेलं, पाठीला जखम. दोन दिवस जेवले न्हाईत. तवापासून चांगलं घर असं कुणी म्हणलं की माझ्या अंगाला काटा येतो.

पुढं आम्ही गावाकडं आलो, मालकांचे गुडघे गेले म्हणून. तर तबेल्यातल्या एक डाक्टरीणबाई व्हत्या, लई मायाळू, त्यांचा फोन आला. म्हणल्या, गिरजाबाई, मी असं ठरवलंय की ह्या घोड्यांना टेम्पोवाल्याच्या हाती जाऊ द्यायचं न्हाई, तुमच्या नांदेड-लातूरकडं घोड्याचा शौक लई जुना हाय, खात्रीची घरं शोधा, घोडं फुकट द्यायचं, फक्त कागदावर लिहून घ्यायचं की इकणार न्हाई, पळवणार न्हाई, आन दर महिन्याला मोबाईलवर फोटो पाठवायचा. मी म्हणलं शोधते, पण माझ्या पद्धतीनं. आता लोकांची तऱ्हा बघा. इकत असतो तर शंभर लोक आले असते. फुकट म्हणलं की लोक दचकायलेत! धर्माची गाय आन दात का न्हाई, असं म्हणायची रीत हाय आपल्यात, पण लोक तर दाताच्या पुढं गेले, म्हणायचे बाई, ह्या पुणेवाल्यांना ह्याच्यात काय मिळून राहिलं? मी त्यांच्यावर संशय घ्यायची, ते माझ्यावर.

माझी पद्धत म्हणजे मी बोलायचीच न्हाई. घोडं अंगणात बांधायचं, आपण शेंगा फोडत बसायचं, आन येणाऱ्याचे डोळे कुठं जात्यात ते बघायचं. एक वरातीवाला आला, त्यानं आधी पाठ बघितली किती रुंद हाय, नवरदेव बसंल का. त्याला म्हणलं पाणी प्या आन निघा. लातूरचं एक पोरगं आलं, काळा चष्मा लावून, घोड्याकडं पाठ करून उभं राह्यलं आन मोबाईल वर धरला. त्याला म्हणलं, बाबा, तुला घोडं न्हाई, आरसा पाहिजे. एकानं मांड्या चाचपल्या, तवाच कळलं ह्यो शर्यतीला जुंपणार. आन जो येऊन गपगुमान छाती बघंल, कपाळ बघंल, खाली बसून पाय बघंल, त्यो माझा माणूस. मंग त्याच्या घरी मी न सांगता जायची. लीद बघितली का घर कळतंय, ताई. घट्ट हाय, ताजी हाय, का चार दिवसांची साचलीय. माणूस खोटं बोलतो, लीद न्हाई बोलत. असे मी सात-आठ घोडे दिले आन समदे सुखात हायत.

मंग आली साळू. तिचं रेसमधलं नाव इंग्रजी व्हतं, लांबलचक, माझ्या तोंडात बसंना, मी साळू म्हणलं. तांबडी, काळ्या आयाळीची, पाच वर्साची, पुढच्या डाव्या पायाची नस गेलेली. पळायला निकामी, पण चालायला फिरायला एकदम झकास. लई गोड सोभाव. मी गोठ्यात आले की ओरडायची, पार रस्त्यापासून माझा आवाज वळखायची. टेम्पोतून उतरवली, मी तोंडावरून हात फिरवला, आन हात तिथंच थांबला. डाव्या डोळ्याखाली भोवरा. आसूढाळ. पक्का, नाण्याएवढा. मी मालकांना म्हणलं, झालं, हिला कुणी घेत न्हाई. आन तसंच झालं. माणसं यायची, छाती बघायची, खूश व्हायची, पाय बघायची, तिला खुंटेगाड बी व्हता, आणखीन खूश, आन तोंडाशी आले की हात झटकायचे. एक म्हातारा तर आल्या पावली पायतान घालून चालता झाला, चहाला बी थांबला न्हाई.

अशात मुदखेडहून एक जण आले. यशवंतराव त्यांचं नाव, रेल्वेतून रिटायर झालेले, गाडीचे डबे जोडायचं-तोडायचं काम व्हतं त्यांचं टेसनावर. सोबत त्यांच्या मालकीण, शीलाबाई. बौद्ध घरचे. लई नीटनेटके, पांढरा सदरा, खिशाला पेन. साळूला बघितलं आन त्यांनी काय इचारलं असंल? ही दिवसाला पाणी किती पिती! दुसरं काहीच न्हाई. छाती न्हाई, पाय न्हाई, कपाळ न्हाई. मी म्हणलं, तुम्हाला घोडं कशाला पाहिजे? तर म्हणले, पूर्वी रेसची घोडी रेल्वेच्या डब्यातून जायची, आमच्या टेसनात गाडी थांबली की मी बादली घेऊन जायचो, त्यांच्यासोबतची माणसं झोपलेली असायची, तवापासून मनात हाय, रिटायर झालो की एक घोडं पाळायचं, दोन एकर रान हाय, सावली बी करून ठेवलीय. मी मनात म्हणलं, गोष्ट तर झकास रचलीय.

मालक मला आत घेऊन गेले, म्हणले, गिरजे, देऊन टाक, माणूस डोळ्यातून कळतो. मी म्हणलं तुम्हाला तर टेम्पोवाला बी डोळ्यातून कळला व्हता. ह्यानं भोवरा बघितला न्हाई, ह्याच्या मनात इकायचं हाय. आता ताई, मला ठाव नव्हतं का, की जयभीमवाली माणसं हे शकुन-अपशकुन मानतच न्हाईत, त्यांनी ते समदं कवाच सोडलं? ठाव व्हतं. आमच्याच गावात हायत की. पण तवा ते डोक्यात आलं न्हाई, का मी येऊ दिलं न्हाई, देव जाणे. तुम्ही लिहून घेऊन राहिल्यात म्हणून खरं सांगते, मनात जातीचं बी असंल थोडं. असंल काय, व्हतंच. बाहेर येऊन म्हणलं, न्हाई जमणार. यशवंतराव म्हणले, कामून? मी खाली बघून शेंगा फोडायला लागले. शीलाबाई माझ्याकडं बघत व्हत्या. मंग त्यांनी पिशवी उचलली आन दोघं फाट्याकडं चालत गेले.

मंग दोन महिने कुणी आलं न्हाई. डाक्टरीणबाईंचा फोन, म्हणल्या गिरजाबाई, साळूचं ह्या महिन्यात झालं पाहिजे, मागून आणखीन दोन येऊन राहिलेत, तुमच्याकडं जागा न्हाई, माझ्याकडं न्हाई, आन तिचा पहिला मालक म्हणतोय जमत नसंल तर टेम्पोवाल्याला सांगतो. त्या दिवशी मी काय केलं ते ऐका. कात्री घेतली आन साळूच्या डोळ्याखालचे केस बारीक बारीक कापले, भोवऱ्याचा वळसाच मोडून टाकला, वरून एरंडीचं तेल चोळलं, आन तोंडाला मोरकी अशी बांधली की गालाचा पट्टा नेमका तिथून जाईल, त्याला लोकरीचा मोठा गोंडा लावला. बाजारात लबाड लोक करत्यात ते. माय जिती असती तर तिनं माझं थोबाड फोडलं असतं. साळू गप उभी, तिला वाटलं मी लाड करून राहिले.

चार दिवसांनी उदगीरचे अप्पा आले. डाळीची गिरणी हाय त्यांची, लिंगायत माणूस, कपाळाला भस्म, घोड्याचा शौक बापजाद्यापासून. त्यांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला आन जसं बघावं तसं बघितलं. छातीवर देवमण सापडला, शिवा शिवा म्हणले. पायाशी बसले, खुंटेगाड बघून तोंड फुललं. मी म्हणलं ह्यो माझा माणूस. मंग उठले आन म्हणले, बाई, डोळ्याखाली काही न्हाई ना? मी गोंडा सारखा केला. म्हणलं, घोडी तुमच्या पुढ्यातच हाय की अप्पा, बघून घ्या. त्यांनी गोंड्याकडं हात नेला. आन मागं घेतला. म्हणले, तुमच्यासारखी चौकस बाई देऊन राहिली म्हणल्यावर मी काय बघू. साळू टेम्पोत चढली. मालक माझ्याशी दिवसभर बोलले न्हाईत. त्यांनी कात्री बघितली व्हती.

पहिल्या महिन्याचा फोटो आला, साळू झकास, अंगावर चमक, मागं कडब्याची मोठी गंजी. दुसऱ्या महिन्याचा आला, झकास. तिसऱ्या महिन्याचा बी आला. मालक म्हणले बघ, किती बेस हाय, उगं घोर लावून घेतलास. मी तिन्ही फोटो पुढं घेऊन बसले. आन म्हणलं, ही गंजी तेवढीच कशी? घोडं दिवसाला पेंढ्या खातंय, गंजी एका हातानं तरी खाली यायला पाहिजे का न्हाई? तिन्ही फोटोत वरची पेंढी तशीच वाकडी, तशीच लोंबकळलेली. म्हणजे तिन्ही फोटो एकाच दिवसाचे! डाक्टरीणबाईला न्हाई कळलं, मला कळलं. दुसऱ्या दिवशी पयल्या एसटीनं उदगीर.

वाड्यासमोर घोडी नव्हती. गड्याला इचारलं तर त्यो खाली बघायला लागला. गिरणीच्या मागं पत्र्याचं शेड, तिथं साळू. ताई, कसं सांगू तुम्हाला, तिला कुणी मारलेलं न्हवतं, उपाशी बी न्हवती. पण आखूड दोरीनं भिंतीकडं तोंड करून बांधलेली, आयाळीचा पार गुंता, खूर वाढून पुढं आलेले, आन नुस्ती ह्या पायावरून त्या पायावर, ह्या पायावरून त्या पायावर, डुलत व्हती. गडी आला, त्यानं पाण्याची बादली लांबूनच काठीनं पुढं ढकलली आन पळाला. मी हाक मारली, साळू. तिनं मान बी वळवली न्हाई. रस्त्यापासून आवाज वळखणारी ती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच अप्पांच्या पेढीवर गेले आन चार लोकांत म्हणलं, अप्पा, हेच का तुमचं घर, हाच का तुमचा शौक?

अप्पा उठले. आवाज चढवला न्हाई. मला आत नेलं, पाटावर बसवलं. म्हणले, बाई, महिन्या-दीड महिन्यात गालावरचे केस आले, त्यात ते दिसलं. मी मनाला म्हणलो असू दे, घोडी गुणाची हाय. मंग आमची अव्वा, माझी आई, गेली. अव्वा ऐंशीच्या पुढं व्हती, तिची वेळ झाली व्हती, मला कळतंय. पण भेटायला आलेल्या बायांनी दारात घोडी बघितली, तिच्या डोळ्याखालचं बघितलं, आन माझ्या घरातल्यांनी त्या दिवसापासून मला एकच इचारलं, हे दारात कुणी आणलं? गडी हात लावंनात. मी कुणाकुणाला सांगू? लाजेनं तुम्हाला पयल्या महिन्यात काढलेलेच फोटो पाठवत राह्यलो. तुम्ही मला खरं बोलला असता तर मी न्हाई म्हणलो असतो, आन तिला दुसरं घर मिळालं असतं. तुम्ही माझ्या घरात बी इख कालवलं आन तिचं बी घर घालवलं. आठ दिवसांत घेऊन जा, न्हाईतर मी माळेगावच्या बाजारात पाठवतो, जो घेईल त्याला.

तोंडात मारल्यासारखं झालं मला. आयुष्यभर लोकांच्या लिदी उकरत फिरले, कोण लबाड, कोण चोर म्हणून, आन लबाडी कुणी केली तर मीच केली. चोराच्या मनात चांदणं म्हणत्यात ते खोटं न्हाई. एसटीत बसून पार जळकोट येईपर्यंत पदर तोंडाला लावला व्हता.

घरी आले, मालकांनी समदं ऐकलं आन म्हणले, मुदखेडला जा. म्हणलं कोणत्या तोंडानं जाऊ? म्हणले, ह्याच तोंडानं जा, दुसरं कुठं हाय तुझ्याजवळ? दुसऱ्या दिवशी दोघं गेलो. यशवंतराव आन शीलाबाई रानातच व्हते. बांधाला जुन्या फळ्यांचा मांडव केलेला, त्यो खरंच व्हता, तोपर्यंत मला वाटायचं सावली करून ठेवलीय हे बी खोटंच बोलले असतील. त्यात आता शेंगांची पोती रचलेली. म्हणले बसा, आन पाणी दिलं. मंग इचारलं, मागच्या खेपेला न्हाई कामून म्हणलात? मी म्हणलं सांगते. आन समदं सांगितलं. भोवरा, माझ्या मायचं बोलणं, जातीचं बी सांगितलं, कात्री, गोंडा, उदगीर, समदं. मालक खाली बघत व्हते. मला वाटलं व्हतं यशवंतराव ओरडतील.

बोलल्या त्या शीलाबाई. म्हणल्या, म्हणजे चांगली व्हती तवा आम्ही चालत नव्हतो, आन आता अपशकुनी म्हणून लोकांनी टाकली तर आमच्या दारात आणून राहिलात. मी म्हणलं, हाव. दुसरं काय म्हणणार, खरंच व्हतं ते. म्हणलं, मला जोड्यानं मारा, पण घोडीला घ्या, तिचा काही गुन्हा न्हाई. यशवंतराव म्हणले, घोडीला घेईन. पण तुमच्या कागदावर सही करणार न्हाई. आधी तुम्ही माझ्या कागदावर करायची. खिशातला पेन काढला, आन वहीचं पान फाडून लिहिलं की मी गिरजाबाई, ही घोडी कुणाचं ऐकून, कसला बी संशय घेऊन, यशवंतरावांकडून परत नेणार न्हाई. म्हणले, माझा तुमच्यावर इश्वास न्हाई, मावशी. ताई, आजवर मीच लोकांना हे म्हणत आले व्हते. मी पेन घेतला आन सही केली.

दुसऱ्या दिवशी ते सोता टेम्पोसंगट उदगीरला आले. गडी म्हणाला जवळ जाऊ नका, लाथ घालती. यशवंतरावांनी बादली घेतली, तिच्यापासून चार हातावर ठेवली, आन तिच्याकडं पाठ करून उभे राह्यले. मी म्हणलं, हे काय? हळूच म्हणले, डब्यातली घोडी बी अशीच, तोंडाकडं बघितलं की पाणी पीत न्हाईत, त्यांना वाटतं माणसाला काहीतरी पाहिजे. दोरी सैल करा फक्त. मी दोरी सैल केली. किती वेळ गेला कुणास ठाव. अप्पा दारात येऊन उभे व्हते. मंग साळूनं डुलायचं थांबवलं, मान लांब केली, आन पाणी प्यायली. घटाघटा. अर्धी बादली संपवली. मला असं रडू कोसळलं ताई, की गिरणीतले हमाल बघायला लागले. यशवंतराव तवा वळले, तिच्या तोंडावरून हात फिरवला, त्या भोवऱ्यावरून बी फिरवला, आन म्हणले चल. अप्पांनी माझ्याकडं न बघता गड्याला सांगितलं, दोन पेंढ्या संगट दे.

आता सही केली म्हणून सोभाव थोडाच जातो! पयल्या महिन्यात मी चार खेपा मुदखेडला गेले. न सांगता. टेसनाकडून चालत जायचं आन शेजारच्या तुरीत लपून बघायचं. चवथ्या खेपेला शीलाबाईंनी चुलीपासूनच हाक दिली, मावशी, तुरीतून बाहेर या, चहा निवून राहिला. इतकी लाजले मी! बाहेर आले तर पदरात समद्या तुरीच्या शेंगा अडकलेल्या. त्या हसल्या न्हाईत, पण त्यांनी माझ्यासाठी भाकरी थापली आन म्हणल्या, रस्त्यानं येत जा, सरळ. आम्ही जेवलो. त्यांच्या मनातलं समदं गेलं असंल असं मी म्हणणार न्हाई, जायला बी नको इतक्यात.

माझी पद्धत आता बदलली. आता कुणी आलं की मी आधी खोड सांगते. हिला आसूढाळ हाय, ह्याला खुंटेउपाड हाय, ह्याचा पाय गेलाय, ही म्हशीला भेती. घेणार असाल तर बसा. पाचातले चार उठून जात्यात. जाऊ द्या. डाक्टरीणबाई म्हणत्यात, अशानं घोडी साचतील, गिरजाबाई. म्हणलं साचू द्या, गवत कापायला माझे हात हायत अजून. उदगीरच्या अप्पांकडं मी एकदा जाऊन आले, अव्वाच्या फोटोला हात जोडले, माफी मागितली. ते म्हणले झालं ते झालं. पण दारात आता घोडं न्हाई त्यांच्या, खुंटा मोकळाच हाय, ते काही मला बघवलं न्हाई.

आन परवा मुदखेडला गेले व्हते, सरळ रस्त्यानं. साळू बांधावर मोकळी चरत व्हती, दोरी न्हाई, काही न्हाई, आन बाजूला शीलाबाईंची म्हैस! म्हशीला घाबरणारी ती, म्हशीच्या पाठीला पाठ लावून उभी. मी लांबून हाक मारली, साळू, ए साळू. तिनं कान हलवला. एकदा बघितलं माझ्याकडं. आन परत गवतात तोंड घातलं. खोटं कशाला बोलू, काळजात चर्र झालं. पूर्वी माझ्या आवाजावर दोरी तोडायची ती. मंग मी बांधावर बसले आन म्हणलं, बरं हाय बाई, आता तुला माझी गरज न्हाई, पोटभर खा, म्हातारी हो हितंच. ती चरत व्हती, चरतच राह्यली. मी तिथं लई वेळ बसले, आन एसटीची वेळ झाली तवा तिला न सांगताच उठून आले.